ट्यून केलेल्या जिप्सीला स्पार्क प्लग कोणता? एकाच इंजिनाला ताप बी अन् हुडहुडी बी

धुरकरी | सोमवार, रात्री ९:४०

रामराम मंडळी. गाडी जिप्सी किंग, १९९८ ची, १३०० सीसी, कार्बोरेटरवाली. मुक्काम पांढरकवड्यापासून आत, रस्ता संपतो तिथून अजून तीन किलोमीटर. गाडी आजवर बैलासारखी राबली. मागच्या साली कापसानं दोन पैसे हातात दिले तर हौस केली. हेड प्लेन करून कॉम्प्रेशन वाढवलं, कॅमशाफ्ट बदलला, मोठा कार्बोरेटर, फ्री-फ्लो सायलेन्सर, टायमिंग थोडं पुढं. मातीतल्या ऑटोक्रॉस शर्यतीत एकदा तरी उतरायचं आहे, लग्नाच्या आधी.

काम करणाऱ्या ट्यूनरनं सांगितलं, "इंजिन आता गरम चालणार, ६ नंबरचे प्लग काढ, ७ चे थंडे टाक." टाकले. आता हाल ऐका:

सकाळी घर ते वावर, वावर ते घर. चार दिवसांत प्लग काळे, स्टार्टर मारून मारून बॅटरी रडते.

नागपूर-हैदराबाद हायवेला काढली तर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबल्यावर ४,००० च्या आसपास मिस मारते, मध्येच ठोका चुकते. उभ्या गाडीत न्यूट्रलमध्ये रेस केली तर ६,००० पर्यंत सुतासारखी सरळ जाते.

आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे हायवेवरून आल्यावर चावी बंद केली तरी इंजिन दोन-तीन गचके खाऊन मग मरते. आई म्हणते गाडीत काहीतरी शिरलं आहे.

प्लग काळे पडतात म्हणजे थंड. चावी काढल्यावर चालते म्हणजे गरम. ट्यूनरला फोन केला तर म्हणे ८ टाक. गावातला मिस्त्री म्हणतो ५ टाक. मी कोणाचं ऐकू?

तर्रीबाज | सोमवार, रात्री ९:५२

आधी नाव बदल भाऊ. धुरकरी म्हणजे पटावर, बैलांच्या शर्यतीत, बैल हाकणारा. तू तर नुसता धूर करी.

८००वाला | सोमवार, रात्री १०:०५

इरिडियम टाका, विषय संपवा. माझ्या गाडीला टाकले, पिकअप एकदम बदलला.

कोल्हापुरी_थ्रॉटल | सोमवार, रात्री १०:३१

८००वाले भाऊ, इरिडियम चांगलाच असतो, पण तो या रोगावरचं औषध नाही. त्याचा मधला इलेक्ट्रोड अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, बारीक असतो, त्यामुळे ठिणगी कमी व्होल्टेजला उडते. इरिडियम वितळायला २,४०० अंशांच्या वर लागतात, म्हणून बारीक असूनही लवकर झिजत नाही. पण काजळी धरली की तोही काळा होतो, आणि मग महागडा काळा प्लग हातात येतो.

धुरकरी, आता नंबराचं. थंडा प्लग, गरम प्लग याचा अर्थ लोक उलटा लावतात. थंड्या प्लगनं इंजिन थंड होत नाही. प्लगच्या टोकाची उष्णता हेडमध्ये किती लवकर उतरते, एवढंच त्या नंबरात असतं. आतली चिनीमाती आखूड असेल तर उष्णतेला वाट छोटी, लवकर उतरते, तो थंडा. लांब असेल तर टोक तापून राहतं, तो गरम. टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं की काजळी आपोआप जळते. ८५० च्या पलीकडं गेलं की ठिणगी पडायच्या आधीच टोकानं पेट्रोल पेटतं. या दोन आकड्यांच्या मध्ये टोक ठेवायचं. एक नंबर बदलला की साधारण ७० ते १०० अंशांचा फरक पडतो.

आणि दुकानात जाताना एक ध्यानात ठेवा. एनजीके आणि डेन्सो या कंपन्यांत आकडा वाढला की प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम. आमच्याकडे एकानं एनजीकेच्या ६ ऐवजी "एक नंबर थंड" म्हणून बॉशचा मोठा आकडा आणला होता. पिस्टनला भोक पडल्यावर कळलं.

पऱ्हाटी | सोमवार, रात्री १०:४०

विषय निघालाच हाय तर इचारतो. माह्या पेट्रोलच्या फवारणी पंपाचा प्लग दर दोन दिसांनी काळा-ओला होते. काहून?

तर्रीबाज | सोमवार, रात्री १०:४४

पऱ्हाटी भाऊ, रांगेत या. आधी जिप्सी.

निळूफिटर | मंगळवार, सकाळी ६:१५

मी वणीला बत्तीस वर्षं गॅरेज चालवलं, आता पोरगा पाहतो. एक सांगतो बाबू, आठ टाकू की पाच टाकू हे मागून. आधी चारही प्लग काढ, कोणता कोणत्या सिलिंडरचा ते खुणेनं ठेव, अन् फोटो टाक. पुसू नको, ब्रश मारू नको. लोक पहिले प्लग चकचकीत करतात अन् मग इचारतात काय झालं. अरे, पुसली ना तू त्याची चिठ्ठी.

चोक किती वेळ ओढून ठेवतो ते बी सांग. अन् प्लगच्या डब्यावर पूर्ण नंबर काय लिहिला हाय, शेवटच्या अक्षरापर्यंत.

इथेनॉल_नको | मंगळवार, सकाळी ८:०२

कशाला एवढा खटाटोप? सगळा दोष त्या ई-२० चा, वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा आहे. पंपावर दुसरं पेट्रोल मिळतच नाही. १९९८ च्या गाडीला ऊस पाजल्यावर ती झिंगणारच. सरकारला

(उरलेला मजकूर काढला आहे. धाग्याचा विषय प्लग आहे. – सूत्रधार)

चिखलदरा_वळण | मंगळवार, सकाळी ९:२०

ई-२० चा परिणाम असतो, नाही असं नाही. साध्या पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च. म्हणून वीस टक्के मिसळलं की त्याच जेटमधून येणारं मिश्रण थोडं पातळ पडतं. इंजेक्शनच्या गाड्यांत सेन्सर ते सावरून घेतो, कार्बोरेटरला सेन्सर कुठला? जुने रबरी पाइप आणि डायफ्रामही तपासावेत. पण मिश्रण पातळ असतं तर प्लग पांढरे दिसले असते. धुरकरींचे काळे आहेत. मग फक्त इथेनॉलला धरून कसं चालेल?

(माझी पण जुनी कार्बोरेटरचीच गाडी आहे. परतवाड्याहून वर चढताना हवा विरळ होत जाते, मिश्रण उलट घट्ट होतं, आणि घाट संपेपर्यंत गाडी दमेकऱ्यासारखी करते.)

धुरकरी | मंगळवार, रात्री ८:५०

निळूकाका, तुमच्या सांगण्यावरून आज वावरातून आल्या आल्या काढले. फोटो खाली टाकले आहेत. ज्यांच्याकडे नेट हळू आहे त्यांच्यासाठी लिहूनही देतो.

१, २, ३: कोरडी काळी काजळी, बोट लावलं की काजळासारखी निघते. तेलकट नाही.

४: पांढराफटक. मधल्या चिनीमातीवर बारीक बारीक पुरळ उठल्यासारखं. हाच प्लग आहे यावर विश्वास बसेना, तिघांचा भाऊ वाटतच नाही.

चौथा फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) अगदी पोटात असल्यामुळे मला त्याचीच धास्ती होती, हीटरचा पाइप आडवा येतो, पाना सरळ बसत नाही. पण तोच सगळ्यात लवकर हातात आला. पहिल्या तिघांनी घाम काढला.

चोक: खरं सांगतो, वावरापर्यंत ओढलेलाच असतो. डब्यावर ७ आहे आणि शेवटी डॅश ११. त्या ११ चा अर्थ मला माहीत नाही.

अजून एक, चारही प्लगच्या बाहेरच्या पांढऱ्या चिनीमातीवर, षट्कोनाच्या लगेच वर, तपकिरी कडं पडलं आहे. तिथून गॅस लीक होतो का?

खटारा_एक्सप्रेस | मंगळवार, रात्री ९:०३

हो हो, तेच कारण! माझ्या मिस्त्रीनं असंच कडं पाहून चारही प्लग फेकले होते. प्लग फुटलेत, कॉम्प्रेशन तिथून जातंय. नवे घ्या.

कोल्हापुरी_थ्रॉटल | मंगळवार, रात्री ९:२६

खटारा, तुझ्या मिस्त्रीनं तुझे पैसे फेकले भावा. त्या कड्याला कोरोना डाग म्हणतात (त्या कोरोनाचा याच्याशी संबंध नाही). हजारो व्होल्ट गेले की आसपासच्या हवेतले तेलाचे बारीक कण चिनीमातीकडे ओढले जाऊन चिकटतात. सगळीकडून सारखं कडं असेल तर बिनधास्त राहायचं. चिनीमातीवर उभी काळी रेघ असेल तर मात्र ठिणगी आत न जाता बाहेरूनच पळते आहे. मग प्लग आणि त्यावरची रबरी टोपी, दोन्ही बदलायचं.

आता डॅश ११. तिथं तुझा मिसिंगचा चोर सापडला असं मला वाटतंय. एनजीकेच्या नंबरात शेवटचा ११ म्हणजे कंपनीतून गॅप (मधलं टोक आणि वरची पट्टी यांतलं अंतर) १.१ मिलिमीटर ठेवून आलाय. उदाहरणार्थ बीपीआर६ईएस: बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, पी म्हणजे टोक पुढं आलेलं, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ हा उष्णतेचा नंबर, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, एस साधा. त्याच्यापुढं ११ लावलं की गॅप वाढला.

सिलिंडरमध्ये दाब जितका जास्त, तितकं ठिणगीला गॅप ओलांडायला व्होल्टेज जास्त लागतं. न्यूट्रलमध्ये थ्रॉटल जेमतेम उघडं, आत हवाच कमी, दाब कमी, म्हणून तुझी जिप्सी ६,००० पर्यंत गाणं म्हणत जाते. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबलं की सिलिंडर गच्च भरतात. त्यात हेड प्लेन केलेलं. ठिणगीला वीज देणारी पंचवीस वर्षांची कॉइल १.१ चा गॅप ओलांडायला हात वर करते. गॅप ०.७ ते ०.८ वर आण आणि पुन्हा त्याच रस्त्याला त्याच गिअरमध्ये दाबून बघ.

८००वाला | मंगळवार, रात्री ९:४०

पण मी तर वाचलं होतं की गॅप मोठा म्हणजे ठिणगी मोठी, मायलेज जास्त.

कोल्हापुरी_थ्रॉटल | मंगळवार, रात्री ९:४८

उडाली तर मोठी. नाही उडाली तर मायलेज सायलेन्सरमधून बाहेर.

निळूफिटर | बुधवार, सकाळी ६:०५

गॅपचं कोल्हापूरवाल्यानं बरोबर सांगितलं. गॅप कमी करताना वरची पट्टी हलक्या हातानं लाकडावर ठोकायची अन् फिलर गेज (गॅप मोजायची पट्टी) घालून पाहायचं. मधल्या टोकाले टेकू लावून पट्टी वाकवू नको, चिनीमाती आतून तडकते अन् बाहेरून दिसत नाही. इरिडियमवाल्यांनी तर त्या गोल नाण्यासारख्या गेजनं गॅप करूच नये, केसाएवढं टोक मोडते.

वायरी बी तपास. अमावास्येच्या रातीले, नाहीतर लाइट गेली की (आपल्याकडं वाट पाहावी लागत नाही), बोनेट उघडून इंजिन चालू ठेव अन् पाण्याचा हलका फवारा वायरींवर मार. निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायर गेली समज. कापसाच्या दिवसांत गाडी गंजीजवळ उभी राहिली की उंदीर वायरी कुरतडतात, हे बी पाह्य.

आमच्या काळी राजदूतवाल्याच्या डिक्कीत एक प्लग, एक पाना अन् पॉलिश पेपर असायचाच. दर दोन गावांनी थांबायचं, प्लग काढायचा, घासायचा, बीडी ओढायची, प्लग लावायचा. एक गुरुजी होते, ते प्लग चुलीत लाल करून आणायचे. मी म्हणायचो गुरुजी, हा प्लग हाय का भरताचं वांगं? पण चालायची त्यांची गाडी. दुपारच्याले शाळेत पोहोचायचे.

तर्रीबाज | बुधवार, सकाळी ८:३०

निळूकाका, भरताचं वांगं म्हणू नका, सकाळी सकाळी भूक लागली. लेवा की वऱ्हाडी भरीत यावर वेगळा धागा काढा.

शंकरपटप्रेमी | बुधवार, सकाळी ९:१०

धुरकरी नाव वाचून आलो होतो, इथं तर प्लग निघाले. तरी बसतो. आमच्या पटावरही हेच असते भाऊ. २०१४ ला बंदी आली, २०२१ ला सुप्रीम कोर्टानं परत परवानगी दिली अन् २०२३ ला शर्यती कायम केल्या, अन् मधल्या काळात लोकांचे बैल जाग्यावर खाऊन माजले. पळवला नाही तर पटाचा बैल बी बिघडते. तुमचं इंजिन पटाचं केलं अन् रोज वखरणीले नेऊन राहिले. प्लग काळा पडणारच.

चिखलदरा_वळण | बुधवार, सकाळी ९:४५

शंकरपटप्रेमी, एवढं नेमकं अजून कोणी बोललं नव्हतं. घर ते वावर एवढंच अंतर, तेही चोक ओढून. टोक ४५० अंशांपर्यंत पोहोचतच नाही, त्यात थंडा ७ नंबर. काजळी विजेची वाहक असते, त्यामुळे वीज गॅपवरून उडी मारण्याऐवजी चिनीमातीवरच्या काजळीतून गुपचूप उतरून जाते. म्हणून पहिले तीन काळे. हे कोडं सुटलं.

चौथा पांढरा का, हे मात्र अजून कोणी सांगितलेलं नाही. थंडा प्लग असून, चोक असून, एकटाच पांढरा आणि पुरळ उठलेला. चावी काढल्यावर इंजिन चालतं, ते बहुतेक याच्याच तापल्या टोकावर. सगळे ८ की ५ यावर भांडत आहेत. ८ टाकले तर पहिले तिघे मरतील, ५ टाकले तर चौथा.

खटारा_एक्सप्रेस | बुधवार, सकाळी १०:१२

मॅनिफोल्डचं (सिलिंडरांत मिश्रण नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट. चौथ्याच्या तोंडाशी हवा चोरत असेल, म्हणून तिथंच मिश्रण पातळ. हेड उतरवलं होतं ना, बसवताना राहिलं असेल.

८००वाला | बुधवार, सकाळी १०:३०

किंवा चौथ्याला पाणी कमी मिळतं. मागचा सिलिंडर नेहमी तापतो.

इथेनॉल_नको | बुधवार, सकाळी १०:३१

चौथ्या सिलिंडरला इथेनॉल जास्त जात असेल.

तर्रीबाज | बुधवार, सकाळी १०:३३

😂 मागच्या बाकावरच्यालाच दारू जास्त मिळते.

धुरकरी | बुधवार, रात्री १०:१५

खटारा भाऊ, मॅनिफोल्डच्या सगळ्या जोडांवर निळूकाकांच्या फवाऱ्यानंच पाणी मारून पाहिलं, आयडलिंगला काही फरक नाही. हवा चोरत असती तर आवाज बदलला असता. वायरी अंधारात पाहिल्या, एकही ठिणगी नाही. उंदरांनी फक्त सीट खाल्ली आहे.

डॅश ११ चे चारही प्लग गॅप ०.८ करून, घासून परत लावले आणि हायवेला गेलो. मिसिंग नव्वद टक्के गायब! टोल ओलांडून तिसऱ्यात ५,००० पर्यंत ओढली. कोल्हापूरकर, तुमच्या तोंडात साखर. पण घरी येऊन चावी काढली, तर पुन्हा दोन गचके. या वेळी खटखट असा आवाजही आला. दिवसभर पारा ४४ होता, त्यामुळेही असेल.

चिखलदरा_वळण | बुधवार, रात्री १०:५०

धुरकरी, मी तुमची मंगळवारची पोस्ट परत वाचली. त्यात तुम्ही म्हणता, चौथ्याची धास्ती होती, पाना सरळ बसत नाही, "पण तोच सगळ्यात लवकर हातात आला." बाकीच्या तिघांनी घाम काढला.

तो लवकर का निघाला?

प्लगची उष्णता हेडमध्ये उतरते ती मुख्यतः आट्यांतून आणि वॉशरच्या बैठकीतून. प्लग सैल असेल तर ती वाटच बंद. मग डब्यावर ७ लिहिलेलं असो की ९, तो ३ नंबरासारखा तापणार. चौथ्या प्लगचा वॉशर कसा दिसतो? चपटा झालाय की अजून गोलसर? आणि वॉशरच्या आसपास काळे ओघळ आहेत का? वरच्या चिनीमातीवरचं तपकिरी कडं नव्हे, खाली आट्यांजवळ.

निळूफिटर | गुरुवार, सकाळी ५:५८

ताई, पाय कुठं आहेत तुमचे? बत्तीस वर्षं गॅरेज केलं अन् माझ्या नजरेतून हे वाक्य निसटलं. पोराले दाखवलं, तो हसून रायला.

असंच असंल. चौथ्याले पाना तिरपा लागते, कडक झाल्यासारखं वाटते, पण ते पान्याचं सांध्यात अडकणं असते, प्लग फिरतच नाही. बसवणाऱ्याले वाटते झालं टाइट.

धुरकरी | गुरुवार, दुपारी १:२०

कामावरून सुट्टी टाकली (म्हणजे बाबांना सांगितलं पाठ दुखते) आणि पाहिलं.

ताई, वॉशर गोलच आहे, दाबलाच गेला नाही. बाकी तिघांचे चपटे. आणि आट्यांच्या वरच्या दोन-तीन वेढ्यांवर काळे ओघळ, हेडच्या बैठकीवर पण काळं कडं. आणि लाज वाटते सांगायला: काल गॅप करून मीच परत लावला तेव्हाही तो तसाच सैल बसला असणार, कारण मलाही "कडक झाल्यासारखं" वाटलं होतं. ट्यूनरला मनातल्या मनात चार शिव्या घालत होतो, त्यातल्या दोन माझ्या.

आता तो व्यवस्थित बसवायचा कसा? हात जातो, पण बोटं फिरत नाहीत. आटे वाकडे गेले तर हेड गेलं. अॅल्युमिनियमचं आहे.

निळूफिटर | गुरुवार, दुपारी २:०५

इंजिन पूर्ण थंड होऊ दे, गरम हेडात प्लग कसायचा नाही. हीटरच्या पाइपाची क्लिप सोडून पाइप बाजूले कर. मग रबरी नळीचा एक वीतभर तुकडा घे, प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसेल असा. फवारणी पंपाची नळी चालते. नळीनं प्लग भोकात सोड अन् नळीच बोटांनी फिरव. आटे सरळ लागले तर सरसर जाते, वाकडे लागले तर नळी प्लगवरून सटकते, हेड वाचते. पान्यानं सुरुवात करशील तर काही समजणार नाही.

हातानं पूर्ण बसला की मग पाना. नवा वॉशर असंल तर अर्धा फेरा. वॉशर आधी दबलेला असंल तर टेकल्यावर जरासाच, घड्याळाच्या तासाच्या काट्याचं एक घर समज.

खटारा_एक्सप्रेस | गुरुवार, दुपारी २:३०

आट्यांना ग्रीस लावा, पुढच्या वेळी सहज निघेल.

कोल्हापुरी_थ्रॉटल | गुरुवार, दुपारी २:४१

नको. ग्रीस लावलं की त्याच जोरात प्लग जास्त आवळला जातो, अॅल्युमिनियमचे आटे ओढले जातात. प्लगच्या आट्यांवर कंपनीचा मुलामा असतो, कोरडाच बसवा. टॉर्क पाना असेल तर १४ मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगला २५ न्यूटन-मीटर धरा.

आणि तो चौथा प्लग पुन्हा वापरू नका. पुरळ उठलेली चिनीमाती बरी होत नाही. पिस्टनकडे पण एकदा टॉर्च मारून बघा. प्लगच्या टोकावर चकाकणारे चांदीसारखे बारीक ठिपके होते का? ते ॲल्युमिनियमचे, पिस्टनचे असतात.

धुरकरी | गुरुवार, दुपारी ३:१०

ठिपके नाहीत. भिंग लावून पाहिलं, पुतण्याच्या शाळेचं.

पऱ्हाटी | गुरुवार, दुपारी ३:१५

माह्या पंपाची नळी चालते म्हणता, पण माह्या पंपाचं कोणी सांगून रायलं नाही.

निळूफिटर | गुरुवार, दुपारी ३:४०

मग आता मुख्य सवाल, नंबर कोणता. बाबू, रोज वावरात जातो अन् वर्षातून एकदा पटावर उतरतो. रोजच्याले ६ टाक, गॅप ०.८. चोक फाट्यापर्यंत पोहोचायच्या आत बंद. आठवड्यातून एकदा हायवेवर पंधरा-वीस मिनिटं मोकळी पळव, काजळी आपोआप जळते. ७ चा संच डिक्कीत जपून ठेव, शर्यतीच्या दिवशी सकाळी बदल, गॅप ०.७. आठचं नाव काढू नको. डबा घेताना छपाई पाह्य, वॉशर हातानं सहज निघून येत असंल तर नकली समज, परत कर.

कोल्हापुरी_थ्रॉटल | गुरुवार, दुपारी ४:००

काकांशी सहमत. एकच भर. ६ टाकल्यावर रंग बघायचा असेल तर गावात फिरून आल्यावर काढलेला प्लग काही सांगत नाही. मोकळ्या, खासगी रस्त्यावर तिसऱ्यात पूर्ण दाबा, मग एकदम क्लच दाबून इंजिन बंद करा, तसेच थांबा आणि तिथंच काढा. चावी पूर्ण मागे फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होईल. हायवेवर तर हा प्रकार अजिबात नको. चिनीमाती फिकट तपकिरी-करडी दिसली की नंबर बरोबर. आणि वरच्या पट्टीवर तापल्याचा रंग कुठपर्यंत बदललाय ते बघा, वाकणाच्या मध्यावर असला की झकास.

धुरकरी | रविवार, रात्री ९:०५

उशीर झाला, लग्नसराई सुरू आहे (दुसऱ्यांची).

६ नंबरचे चार नवे प्लग, डॅश ११ नसलेले, गॅप ०.८. चौथा पऱ्हाटी भाऊंच्या नळीनं बसवला. म्हणजे त्यांची नाही, आमच्या पंपाची. दोनदा नळी सटकली, तिसऱ्यांदा सरसर गेला. पान्यानं अर्धा फेरा दिला तेव्हा वॉशर दबताना हाताला मऊ लागतो, मग एकदम कडक. परवा तसं काही लागलंच नव्हतं, आता कळलं.

काल आदिलाबादपर्यंत जाऊन आलो. तिसऱ्यात ५,५०० पर्यंत एकही ठोका चुकला नाही. आज सकाळी प्लग काढून पाहिले, चारही जवळपास सारखे, फिकट करडे, पहिला किंचित काळपट. चावी काढली की इंजिन मरतं. आई म्हणाली, "गेलं वाटते ते." मी म्हटलं, गेलं.

चिखलदरा ताई, पावसाळ्यात तुमच्या घाटात येतो, भजी माझ्याकडून.

चिखलदरा_वळण | रविवार, रात्री ९:२०

या. पण चोक बंद करून या.

८००वाला | रविवार, रात्री ९:२२

मी उगाच आज माझे चारही प्लग हलवून पाहिले.

तर्रीबाज | रविवार, रात्री ९:२४

८०० ला तीनच असतात रे.

पऱ्हाटी | रविवार, रात्री ९:३०

आता तरी माह्या पंपाचं?

निळूफिटर | सोमवार, सकाळी ६:००

पऱ्हाटी, एक लिटर पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल किती टाकतो?

पऱ्हाटी | सोमवार, सकाळी ६:२२

अंदाजानं. चहाचा एक कप.

निळूफिटर | सोमवार, सकाळी ६:२५

पंपाच्या टाकीवर नाहीतर पुस्तकात प्रमाण लिहिलेलं असते, ते पाह्य अन् मापानं टाक. कप चहाले ठेव.